पेन ड्राइव्हमधून शिरणारा चोर

खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजासारख्या गावात शिष्यवृत्तीचा अर्ज असो, सात-बाराचा उतारा असो वा पीक विम्याची पावती, संगणकाच्या दुकानाची पायरी चढावीच लागते. कागदपत्रांचा पेन ड्राइव्ह आपण दुकानदाराच्या हाती देतो आणि नंतर तोच घरच्या किंवा धर्मग्राम कार्यालयाच्या संगणकाला लावतो. त्या एकाच संगणकाला दिवसभरात किती जणांचे पेन ड्राइव्ह लागले असतील, याचा विचार आपण सहसा करीत नाही. या वाटेने येणाऱ्या ‘कीलॉगर’ची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

कीलॉगर म्हणजे कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ गुपचूप टिपून ठेवणारा प्रोग्राम. तो काही बिघडवीत नाही, संगणक बंद पाडत नाही; म्हणूनच तो लक्षात येत नाही. इंटरनेट मिळताच बँकेचा पासवर्ड, ई-मेल, खाजगी पत्रे असा सारा मजकूर तो आपल्या धन्याकडे पोहोचवितो.

पूर्वी विंडोजमध्ये पेन ड्राइव्ह लावताच ‘ऑटोरन’ नावाच्या सोयीमुळे त्यातील प्रोग्राम आपोआप सुरू होऊ शकत असे. २००८ च्या अखेरीस आलेल्या कॉन्फिकर या कृमीने पुढे या सोयीचा लाभ उठविला. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या विंडोजवरही पेन ड्राइव्हपुरती ही सोय बंद करणारी सुधारणा सर्वत्र पाठविली. तरी धोका सरला नाही. आता असे प्रोग्राम फोल्डरचे चित्र धारण करून बसतात आणि आपणच त्यांवर क्लिक करून त्यांना आत घेतो.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. पेन ड्राइव्ह उघडण्यापूर्वी अँटिव्हायरसने तपासावा. फाइलच्या नावाचा शेवटचा भाग दिसेल अशी योजना करावी. फोल्डरसारख्या दिसणाऱ्या वस्तूच्या नावाअखेरीस ‘ईएक्सई’ आढळल्यास तिला हात लावू नये. विंडोज व अँटिव्हायरस अद्ययावत ठेवावेत. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ साली ‘यूएसबी प्रतिरोध’ हे साधन विनामूल्य उपलब्ध केले. ज्या पेन ड्राइव्हला परवानगी दिली आहे, तोच संगणकावर चालावा अशी व्यवस्था ते करते.

सार्वजनिक संगणकावर बँकेचा पासवर्ड कधीही टाकू नये. कळफलकाची वायर आणि संगणक यांच्यामध्ये बसविलेले छोटे उपकरणही कळा टिपू शकते, आणि ते अँटिव्हायरसला दिसत नाही.

शंका आल्यास त्या संगणकाचे इंटरनेट प्रथम तोडावे आणि दुसऱ्या, सुरक्षित उपकरणावरून सर्व पासवर्ड बदलावेत. बाधित संगणकावरच नवा पासवर्ड टाकणे म्हणजे चोरासमोरच नवे कुलूप लावून किल्ली त्याच्या हाती देणे होय. पैसे गेले असल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी व बँकेस कळवावे. संकोचापोटी गप्प राहू नये. जितका उशीर होतो, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा मावळते.