फिफ्थ-व्हील ट्रेलर आणि पिकअपचा फाळका
अमेरिकेत घरवजा ट्रेलर ओढीत देशाटन करणाऱ्यांत जो फिफ्थ-व्हील प्रकार रूढ आहे, त्याचा भार गाडीच्या बंपरावर न पडता हौद्यात, मागच्या आसाच्या वर किंवा किंचित पुढे, बसविलेल्या जोडणीवर पडतो. आणि ट्रेलरची खुंटी तेथवर पोहोचावयाची, तर तिला फाळक्याच्या जागेतूनच जावे लागते. म्हणून जोडताना व सोडताना फाळका खाली हवा. खुंटी मोकळी झाल्याच्या समाधानात चालक गाडी पुढे घेतो आणि बंद फाळका खुंटीवर आदळून चेपतो, हा या छंदातील नित्याचा, आणि सर्वस्वी टाळण्याजोगा, अपघात होय. त्यावर तोड म्हणून मध्यभागी इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असलेले जाळीदार फाळके मिळतात. त्यांनी खुंटीची वाट सुकर होते, परंतु इंधन वाचते हा विक्रेत्यांचा दावा, मागे भिंतीएवढा ट्रेलर वारा अडवीत असताना, मला तरी ग्राह्य वाटत नाही. शिवाय मूळ फाळक्यात बहुधा असणाऱ्या कॅमेऱ्याची सोय जाते, ही तूट मोठीच. मूळ फाळका शाबूत ठेवून जोडणीनंतर तो बंद करावा, हेच मी पसंत करीन. मात्र खाचखळग्यांत ट्रेलर हौद्याच्या कडांवर टेकू नये, यासाठी दोहोंत सुमारे 6 इंच अंतर आहे की नाही, हे निघण्यापूर्वी सपाट जागी मोजून पाहावे.