आधी ड्रम, मग नट

मंगळवारी किंवा पौर्णिमेला तुळजापुरात गाड्या कशा लागतात ते एकदा बघा. गाव बालाघाटच्या उतारावर वसलेलं, देवीच्या दर्शनालाही पायऱ्या उतरूनच जायचं, त्यामुळे गाडीला सपाट जागा मिळणं नशिबाचं काम. ड्रायव्हर उतरतो, इकडेतिकडे बघतो, एक दगड उचलून चाकाला लावतो आणि निवांत दर्शनाला जातो. "हँडब्रेक नाही का?" म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "हाय की. पर धरत न्हाय. येकदा नट आवळून घ्यायचाय."

हा नट मी इतक्यांदा ऐकलाय की आता त्याचं नाव काढलं तरी चिडचिड होते. जुन्या गाडीचा हँडब्रेक ढिला झाला म्हणजे केबल ताणली गेली, आणि लिव्हरपाशी नट आवळला की काम फत्ते, हा आपल्याकडचा सर्वमान्य समज. मीही त्यातून गेलोय. माझ्या मारुती ८०० ची लिव्हर पार उभी व्हायला लागली तेव्हा एका गॅरेजात गेलो. मेस्त्रींनी लिव्हरचं कव्हर वर केलं, पाना घातला, दोन मिनिटांत मोकळे. "मालक, चार आटे दिल्यात. आता डोंगरावर लावा." आठवडाभर हँडब्रेक खरंच कडक होता. मग एक दिवस गाडी थांबवली तर मागच्या चाकाकडून जळका वास, आणि रिमजवळ हात नेला तर धग.

काय झालं होतं? लिव्हर ओढली की केबल ओढली जाते. केबलचं दुसरं टोक मागच्या ड्रमच्या आत एका पट्टीला अडकवलेलं असतं. ती पट्टी दोन्ही ब्रेक शू बाहेर ढकलते आणि शूवरचं लायनर ड्रमला आतून आवळून धरतं. लायनर झिजलं की त्याच्यात आणि ड्रममध्ये फट वाढते. तेवढं अंतर कापायला लिव्हर जास्त ओढावी लागते, आणि आपल्याला वाटतं केबल ढिली झाली. पोलादी तारांची वेणी काही रबर नव्हे. नवी केबल सुरुवातीला थोडी बसते, जुनीचे एखाद-दोन पदर तुटतात, हे खरं. पण वर्षानुवर्षं हळूहळू वाढत जाणारा ढिलेपणा बहुतेक वेळा ड्रमच्या आतला असतो. आजार मागच्या चाकात आणि औषध पुढच्या दोन सीटांच्या मध्ये.

बरं, औषध नुसतं निरुपयोगी असतं तरी चाललं असतं. नट गरजेपेक्षा जास्त आवळला की ड्रममधली ती पट्टी लिव्हर खाली असतानाही पूर्ण मागे येत नाही. शू ड्रमला हलके टेकलेले राहतात, घासतात, तापतात. शिवाय ज्या ड्रममध्ये झिजेप्रमाणे फट आपोआप भरून काढणारा अॅडजस्टर असतो, तो ही पट्टी मूळ जागी परतते असं धरूनच काम करतो. ती परतली नाही की त्याचं काम बिघडतं. लायनर आणखी झिजतं, लिव्हर पुन्हा वर, पुन्हा दोन आटे. एक दिवस नटाचे आटेच संपतात. मग मेस्त्री म्हणतात, "केबल गेली." नवी केबल पडते, आतलं लायनर तेच.

खरा क्रम याच्या उलटा आहे. पुढच्या चाकांना मागून-पुढून अडण लावा (इथे मात्र दगडाला माझी ना नाही), लिव्हर पूर्ण खाली करा, मागची बाजू उचलून घोड्यावर घ्या. नुसत्या जॅकवर विसंबून खाली शिरू नका. केबलचा नट सैल करा. ड्रम काढून लायनरची जाडी गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या किमान जाडीशी ताडून बघा. कमी असेल तर दोन्ही चाकांचे शू बदला. आतली धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपाने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा. मग शूची फट लावा, आणि शेवटी, अगदी शेवटी, केबलचा नट. लिव्हर किती खटक्यांवर लागावी ते मॅन्युअल सांगतं. पुष्कळ लहान गाड्यांत ते पाच ते आठच्या आसपास असतं. लिव्हर खाली केली की दोन्ही चाकं हाताने मोकळी फिरली पाहिजेत. ही तपासणी न करता गाडी खाली उतरवली असेल तर काम अर्धवट आहे.

केबल खरोखर कधी जाते? लिव्हर खाली करूनही एखादं चाक धरूनच राहिलं, बाहेरचं आवरण फाटलं, टोकाशी तारा उसवल्या, तर. "गंज कोकणात, आपल्याकडं कोरडी हवा" हेही तेवढंच पोकळ. केबल गाडीच्या पोटाखालून जाते. पावसाळ्यात काळ्या रानाचा चिखल तिथेच बसतो आणि फाटलेल्या आवरणात शिरलेलं पाणी आतच राहतं. तिथे तेल सोडून केबल जिवंत होत नाही. धूळ मिसळून त्याचा लगदा होतो. बदलायचीच. डावी-उजवी वेगळी असेल तर दोन्ही बदला, म्हणजे दोन्ही चाकं सारखी धरतात. नवी केबल बसवल्यावर काही दिवसांनी एकदा पुन्हा तपासून घ्या.

"वापरला नाही तर हँडब्रेक टिकतो," म्हणणारेही भेटतात. उलट आहे. न हललेली केबल आवरणातच धरते.

"गाडी गिअरमध्ये ठेवली की पुरे." गिअरमध्ये जरूर ठेवा, तोंड चढाला असेल तर पहिला, उताराला असेल तर रिव्हर्स. पण तो हँडब्रेकच्या जोडीला. मोटार वाहन कायद्याचं कलम १२६ सांगतं की चालक जागेवर नसेल तर इंजिन बंद हवं आणि ब्रेक लावून किंवा अन्य उपायाने गाडी आपोआप हलणार नाही अशी व्यवस्था हवी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९६ तर मोटारीला पायाचा ब्रेक आणि पार्किंग ब्रेक अशा दोन स्वतंत्र व्यवस्था सक्तीच्या करतो.

"डॅशबोर्डवर लाल दिवा लागला म्हणजे ब्रेक लागला." दिवा फक्त लिव्हर वर आहे एवढंच सांगतो, चाक धरलंय की नाही हे त्याला कळत नाही.

"घाटात ब्रेक फेल झाला तर हँडब्रेक आहेच." तो फक्त मागच्या चाकांना धरतो आणि पायाच्या ब्रेकपेक्षा फार कमी जोराने. एकदम ओढला तर मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी होते. वेळच आली तर गिअर खाली आणत, लिव्हरचं बटण दाबून ठेवून हळूहळू ओढायचा.

मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, म्हणजे आपल्या एमएच २५ मधल्या बहुतेक ८०० गाड्यांची पहिल्या नोंदणीची पंधरा वर्षं भरत आली आहेत किंवा केव्हाच भरली आहेत. पुढच्या पाच-पाच वर्षांच्या नूतनीकरणाला गाडीची तपासणी होते. त्याआधी गॅरेजात जालच. तिथे मेस्त्रींना एकच विचारा: "ड्रम काढला होता का?" उत्तर "कशाला? नट आवळलाय की" असं आलं, तर पाकीट खिशातच ठेवा आणि गाडी पुन्हा वर घ्यायला सांगा.