बेलर घेण्याआधी कुंभकोणमचं शेत पाहा

कुंभकोणम म्हटलं की मराठी माणसाला महामहमचं तळं, फिल्टरमधून उतरणारी डिग्री कॉफी आणि शेजारच्या तंजावरचे भोसले आठवतात. पण कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या बेचक्यातल्या या गावाचं खरं वैभव त्याच्या भोवतीच्या भातशेतीत आहे. जवळच गोविंदपुरमला पांडुरंगाचं भव्य देऊळ आहे आणि त्याची मोठी गोशाळाही. जिथे भात तिथे गुरं, आणि गुरं आली की पेंढा आला. तामिळमध्ये त्याला वैक्कोल म्हणतात, आपल्या भंडारा-गोंदियात तणस.

पूर्वी भात हाताने कापून, झोडून, पेंढा घराशेजारी गंजी रचून ठेवत. आता पट्ट्यावर चालणारा हार्वेस्टर येतो, तासाभरात एकर उरकतो आणि पेंढा शेतात लांब ओळीने टाकून जातो. तो उचलायला माणसं मिळत नाहीत. म्हणून गठ्ठे बांधणारा बेलर घेऊन भाड्याने फिरवायचा, असा विचार कावेरीकाठी बरेच तरुण करतात, आणि कोकणात, विदर्भातही करतात. या विचाराभोवती जे गैरसमज आहेत ते महागात पडतात, कारण यंत्र कर्जावर येतं आणि पेंढा वर्षातून मोजके दिवसच मिळतो.

"बेलर आला की धंदा सुरू"

सुरुवात यंत्रापासून नाही, दिवसांपासून करायची. इथल्या शेतीचं घड्याळ मेट्टूर धरणावर चालतं. 1934 साली पुरं झालेल्या या धरणातून पाणी सोडायची परंपरागत तारीख 12 जून. पाणी वेळेवर आलं तर आधी कुरुवै हे कमी दिवसांचं भात होतं. मुख्य पीक सांबा, त्याची कापणी पोंगलच्या आगेमागे जानेवारी-फेब्रुवारीत. कुरुवैनंतर त्याच शेतात दुसरं भात घेतलं तर ते ताळडी. कुरुवै कापणीला येतं सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे नेमकं ईशान्य मोसमी पाऊस दारात उभा असताना. आपला पाऊस संपतो तेव्हा यांचा सुरू होतो, हे मराठी वाचकाने इथे ध्यानात ठेवायला हवं. कुरुवैचा पेंढा मिळाला तर वरकमाई. हिशेब मांडायचा तो सांबाच्या पेंढ्यावर.

समजा, सांबाच्या हंगामात 30 दिवस हाती आले. त्यातले सहा दिवस पावसाची सर, बिघाड, सणवार यांत गेले. उरले 24. मार्गळी या तामिळ महिन्यानंतरच्या सकाळी इथे दव इतकं पडतं की दहा-साडेदहापर्यंत पेंढ्याला हात लावता येत नाही. म्हणजे दिवसाचे सहा तास. तासाला 40 गठ्ठे धरले तर दिवसाला 240, हंगामात 5,760. गठ्ठा 20 किलोचा धरला तर सुमारे 115 टन. विक्रेत्याच्या कागदावर तासाचा आकडा याहून मोठा असेल. तो लांब, सरळ, कोरड्या शेतातला असतो. इथली शेतं बांधांनी तुकडे झालेली, वळणंच जास्त. आपल्या आकड्याला गावातल्या बांधणीच्या दराने गुणायचं, त्यातून डिझेल, सुतळी, मजुरी वजा करायची आणि उरलेल्या रकमेशेजारी कर्जाचा वर्षाचा हप्ता लिहायचा. हा कागद तयार नसेल तर शोरूममध्ये पाऊल टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

"मोठं यंत्र, मोठी कमाई"

लहान व्यवसायासाठी दोनच पर्याय खरे. एक चौकोनी गठ्ठे बांधणारा, दुसरा लहान गोल गठ्ठ्यांचा, म्हणजे मिनी राउंड बेलर.

चौकोनी बेलरमध्ये दट्ट्या पुढेमागे होत पेंढा दाबत राहतो. गठ्ठ्याची रुंदी-उंची साधारण 46 आणि 36 सेंटिमीटर, लांबी आपण ठरवायची. गठ्ठा ठरल्या लांबीचा झाला की सुया खालून सुतळी वर आणतात, गाठ मारणारी लहानशी पोलादी चोच एक गिरकी घेते, सुरी सुतळी कापते, आणि ट्रॅक्टर क्षणभरही थांबत नाही. बघत राहावं असं काम आहे. पण सगळी नाजूक बाजूही तिथेच. चोचीत धूळ आणि तूस बसलं, सुतळी कुठे जाड कुठे बारीक निघाली, ताण थोडा कमी-जास्त झाला, की गाठ सुटते. दोनपैकी एकच गाठ बसली तर गठ्ठा केळ्यासारखा वाकतो आणि उचलताना फुटतो. ही चोच जुळवणारा कारागीर तासाभराच्या अंतरावर नसेल तर भर हंगामात यंत्र उभं राहतं.

मिनी राउंड बेलरमध्ये पेंढा एका गोल कप्प्यात गुंडाळला जातो. कप्पा भरला की चालक ट्रॅक्टर थांबवतो, सुतळी गठ्ठ्याभोवती फिरत जाते, कापली जाते, मागचं दार उघडतं आणि गठ्ठा बाहेर पडतो. इथे गाठच नाही. सुतळी स्वतःच्या घट्टपणावर टिकते, त्यामुळे बिघडायला कमी जागा. गठ्ठा साधारण तीन फूट लांब, दोन फूट जाड, 15 ते 25 किलोंचा. एक माणूस तो उचलून बांधावर ठेवू शकतो. चौकोनी बेलर किमतीला याच्या दोन-तीन पट आणि वजनाला दुपटीहून जास्त. शिवाय तो ट्रॅक्टरच्या मागे एका बाजूला सरकलेला ओढला जातो, लहान शेतात वळवायला कटकटीचा. कावेरीच्या चिखलात वजन ही साधी गोष्ट नाही.

मग चौकोनी घ्यायचाच नाही का? घ्यायचा, जर माल लांब जाणार असेल. इथला पेंढा केरळकडेही जातो. चौकोनी गठ्ठे विटांसारखे रचता येतात. गोल गठ्ठे एकावर एक सरळ ठेवले तर लॉरीतली पाचवा हिस्सा जागा नुसती हवाच वाहून नेते. खाचेत खाच बसवून रचले तरी दहावा हिस्सा जातोच. 300 किलोमीटरच्या भाड्यात हा फरक जाणवतो. गावातल्या आणि तालुक्यातल्या गुरांसाठी बांधायचं असेल तर तो जाणवतही नाही. यंत्राचा आकार म्हणजे गिऱ्हाइकाच्या गोठ्याच्या अंतराचा प्रश्न आहे. पहिल्याच वर्षी, ओळखीच्या पंचक्रोशीत काम करणाऱ्याने मिनी राउंड घ्यावा, हे मी कुणालाही सांगेन.

"35 हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर घरी आहेच"

मिनी राउंडला तेवढी ताकद पुरते. चौकोनीला सहसा 45-50च्या पुढचा ट्रॅक्टर लागतो. पण ताकदीपेक्षा क्लच आधी पाहा. गोल बेलरला दर गठ्ठ्याला गाडी थांबवायची असते आणि मागचा पीटीओ, म्हणजे बेलर चालवणारा दांडा, मात्र फिरत ठेवायचा असतो. एकेरी क्लचच्या जुन्या ट्रॅक्टरवर क्लच दाबला की दोन्ही थांबतात. दिवसाला 240 वेळा गियर न्यूट्रल करत बसावं लागतं, आणि माणूस दुपारीच थकतो. दुहेरी क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ असलेला ट्रॅक्टर हवा.

दुसरी बाब ओळीची. मिनी बेलरची उचलणी जेमतेम पावणेतीन फूट रुंद. हार्वेस्टरने टाकलेली ओळ त्याहून रुंद असली तर कडा राहून जातात, आणि अरुंद असली तर पेंढा एकाच बाजूने भरून गठ्ठा शंकूसारखा होतो. म्हणून रुंद ओळ रेकने गोळा करायची आणि अरुंद ओळीवर ट्रॅक्टर थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे घेत चालायचं. रेकसाठी पैसे आधी बाजूला ठेवा.

"कापणी झाली, शेत मोकळं"

हा गैरसमज मला सर्वांत जास्त बोचतो, कारण यात नुकसान दुसऱ्याचं होतं. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात सांबा कापायच्या आठ-दहा दिवस आधी, उभ्या भातातच उडीद किंवा मूग फेकतात. मातीतल्या उरल्या ओलीवर ते उगवतं आणि पुढे पाण्याविना तयार होतं. भंडारा-गोंदियात लाखोळीचा उतेरा घेतात, तीच ही रीत. कापणीनंतर शेत वरून रिकामं, पिवळं दिसतं. ओळीचा पेंढा दोन्ही हातांनी बाजूला करून पाहा. खाली बोटाच्या पेराएवढे, पांढुरके पडलेले अंकुर उजेडासाठी मान वळवून बसलेले असतात.

पेंढा आठवडाभर वर राहिला तर ते गुदमरतात. ओल्या शेतात जड ट्रॅक्टर चारदा फिरला तर चाकोरीतले मरतात. म्हणून उडीद पेरलेल्या शेतात कापणीनंतर शक्य तितक्या लवकर, हलक्या यंत्राने, ठरलेल्या चाकोरीतूनच जायचं. गठ्ठे डोक्यावरून बांधाकडे आणायचे, ट्रॉली आत घालायची नाही. माती टाचेखाली रुतत असेल तर त्या दिवशी काम नाही म्हणायचं. शेतकऱ्याला पहिला प्रश्न विचारावा तो "उळुंदु पेरलाय का?" उळुंदु म्हणजे उडीद.

"हाताला कोरडा लागला, म्हणजे वाळला"

वरचा पेंढा दोन तासांत कुरकुरीत होतो, ओळीच्या पोटातला ओलाच असतो. साठवायच्या गठ्ठ्यात ओलावा 15 टक्क्यांच्या आसपास किंवा खाली हवा. 20च्या पुढे गेला की बुरशी आलीच. ओला गठ्ठा आतून तापतो, आणि थप्पी मोठी असेल तर ती पेटूही शकते.

ओलावा मोजायचं मीटर मिळतं, ते घ्यावं. नसेल तर घरची परीक्षा आहे. ओळीच्या तळातला मूठभर पेंढा बारीक कापून कोरड्या काचेच्या बरणीत घाला, वर चमचाभर अगदी कोरडं मीठ टाका, झाकण लावून दोन मिनिटं हलवा. मीठ सुटं राहिलं तर बांधायला हरकत नाही. मिठाचे खडे झाले किंवा ते पेंढ्याला चिकटलं तर ओळ उलटी करून आणखी ऊन दाखवा. थप्पी लावल्यावर पहिले दोन-तीन आठवडे अधूनमधून मधल्या गठ्ठ्यात हात खुपसून पाहायचा. कढत लागला तर थप्पी लगेच मोकळी करायची. छप्पर आणि जमिनीपासून वीतभर उंच लाकडी फळ्या हा खर्च यंत्राच्या खर्चातच धरायला हवा.

"अनुदान मिळतंय ते घ्यावं"

केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून बेलरला अनुदान मिळतं, आणि ते घ्यावंच. पण अनुदानाच्या यादीत नाव आहे म्हणजे ते यंत्र आपल्या चिखलाला चालेल असं नाही. चाचणी अहवाल मागून वाचा. तामिळनाडूचा कृषी अभियांत्रिकी विभाग यंत्रं भाड्यानेही देतो. एक हंगाम भाड्याच्या यंत्रावर काढला तर आपल्या शेतात तासाला 40 होतात की 25, ते कळतं.

"पेंढा काय, गवत काय, एकच"

भाताच्या पेंढ्यात प्रथिनं जेमतेम 3-4 टक्के आणि सिलिका भरपूर. तो पोट भरतो, दूध वाढवत नाही. 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया 50-60 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा आणि 21 दिवस हवाबंद दाबून ठेवायचा, म्हणजे तो अधिक पचतो. पशुवैद्याला विचारूनच हे करावं. लहान वासरांना असा युरियाचा पेंढा देऊ नये. अळंबी पिकवणारे गिऱ्हाईक वेगळे. त्यांना स्वच्छ, पिवळा, बुरशीचा डाग नसलेला पेंढा हवा आणि त्याला ते बरा भाव देतात.

"अडकलं तर हाताने ओढायचं"

पीटीओ मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. इथे शेतात वेष्टी आणि लुंगी नेसतात, खांद्यावर पंचा असतो. त्याचं टोक फिरत्या दांड्याला लागलं की सोडवायला वेळच मिळत नाही. दांड्यावरचं प्लास्टिकचं आवरण काढून ठेवलेलं जुनं यंत्र स्वस्त मिळालं तरी आवरण बसवल्याशिवाय जोडू नये. पेंढा अडकला तर आधी इंजिन बंद, किल्ली खिशात, मगच हात. काम करताना अंगात पँट, आणि पंचा घरी.

राहिली सुतळी. प्लास्टिकची स्वस्त पडते आणि कुजत नाही, म्हणून सगळे तीच घेतात. पण गोठ्यात घाईने गठ्ठा सोडताना तिचे तुकडे वैरणीत राहतात, गाय ते गिळते आणि पोटात त्यांचा गोळा होतो. ताग किंवा सिसलची सुतळी थोडी महाग, पण पोटात गेली तरी कुजणारी. प्लास्टिकच वापरायची असेल तर ती ठळक निळी किंवा केशरी घ्या, पिवळ्या पेंढ्यात लगेच दिसेल अशी, आणि गठ्ठा देताना गोठ्यातल्या बाईला सांगा: "अम्मा, सुतळी एकाच जागी कापा, अख्खी ओढून काढा आणि खुंटीला अडकवा." महिनाभराने पुढची खेप घेऊन जाल तेव्हा खुंटीवरच्या सुतळ्या मोजून घ्या.