गाडी काट्यावर कुणी न्यायची?

आज आपण बोलणार आहोत हायवेवरच्या वजनकाट्याबद्दल. तुम्ही म्हणाल, काटाबिटा ड्रायव्हरनं बघायचा, आपला काय संबंध? आम्हीही असंच म्हणत होतो, गेल्या उन्हाळ्यापर्यंत.

तेव्हा आमच्या गटातल्या पाच जणींनी कांदा एकत्र करून सोलापूरला पाठवायचं ठरवलं. गोण्या भरल्या ३८. पिकअपवाला म्हणाला, "ताई, दोन खेपा कशाला? एकाच खेपेत नेतो की." एक भाडं वाचलं म्हणून आम्ही खूश. हमालांनी थरावर थर लावले, दोर आवळला, आमच्यातल्या दोघी केबिनमध्ये बसल्या. हायवेला लागून अर्धा तास झाला नसेल, तोच पथकानं हात दाखवला. साहेबांनी वाकून गाडीचे पाटे बघितले, पार चेपलेले. म्हणाले, "घ्या काट्यावर."

शेजारून एसटी गेली, कार गेल्या, मोटरसायकली गेल्या. त्यांना कुणी काट्यावर न्यायला सांगितलं नाही. आमच्या दोघींना वाटलं, गरिबालाच धरतात. पण तसं नव्हतं. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या ११४ व्या कलमात वजनासाठी थांबवायची गाडी कोणती, ते लिहिलंय: मालवाहू गाडी किंवा ट्रेलर. म्हणजे दहा चाकी ट्रक आला, तसा आपला छोटा हत्ती आणि पिकअपही आला, आणि ट्रॅक्टरच्या मागची ट्रॉलीसुद्धा. गाडी लहान आहे, माल शेतातला आहे, म्हणून सूट नाही. जास्त वजन भरलंय असा संशय आला की नेमलेला अधिकारी ती काट्यावर न्यायला सांगतो. काटा मात्र पुढच्या वाटेवर दहा किलोमीटरच्या आत असावा लागतो, नाहीतर जिथं माल पोचवायचा तिथून वीस किलोमीटरच्या आत. एसटी, जीप, वडाप यांच्यात वजन नाही, माणसं मोजतात. जादा प्रवासी असतील तर कायद्यात माणशी २०० रुपये दंड आहे.

टोलनाक्याची गोष्ट थोडी वेगळी. तिथं बऱ्याच ठिकाणी मालगाड्यांच्या लेनमध्येच काटा बसवलेला असतो. गाडी वरून जाता जाता वजन पडद्यावर येतं.

आता आमचा हिशेब सांगतो, वही असेल तर लिहून घ्या. गाडीच्या आरसी पुस्तकात दोन वजनं असतात, रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं. आमच्या पिकअपचं रिकामं वजन होतं १,७०० किलो, भरलेलं २,९५०. वजाबाकी केली की उरतात १,२५० किलो. एवढंच त्या गाडीत भरायचं. पन्नास किलोची गोणी धरली तर २५ गोण्या. आम्ही भरल्या होत्या ३८! शिवाय रिकाम्या वजनात ड्रायव्हर धरलेला नसतो, हे आम्हाला काट्यावर कळलं. ड्रायव्हर आणि आमच्या दोघी मिळून आणखी १८० किलो. काट्यावर आकडा आला ३,७८०. म्हणजे ८३० किलो जास्त.

दंड किती? २०१९ साली कायदा बदलला तेव्हापासून जादा वजनाला २०,००० रुपये, आणि वर जादा वजनाच्या दर टनामागे २,०००. त्याआधी हाच दंड २,००० आणि टनामागे १,००० होता. म्हणून जुने ड्रायव्हर अजून "बघून घेऊ" म्हणतात. काट्यावर जायला नकार दिला किंवा वजनाआधी माल गुपचूप उतरवला, तर ४०,०००. आणि कडबा नेणाऱ्या बायांनो, ऐका: वजन कमी असलं तरी पेंढ्या गाडीच्या बाजूंनी, मागून किंवा ठरलेल्या उंचीच्या वर गेल्या तरी २०,००० आहेतच.

पण आमचं खरं नुकसान दंडानं झालं नाही. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असा लेखी हुकूम मिळतो, आणि उतरवलेल्या मालाची जोखीम आपली. भर दुपारी १७ गोण्या रस्त्याच्या कडेला. एक जण गोण्यांपाशी, एक जण पुढं गाडीबरोबर. दुसरा टेम्पो यायला चार तास लागले. तोवर त्या दिवसाचे सौदे संपले होते. त्या १७ गोण्या दुसऱ्या दिवशी गेल्या, भाव उतरलेला. पट्टी बघून आमच्या एका जावेनं दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं.

मग पिकअपवाला दारात आला. म्हणाला, माल तुमचा, दंड तुम्ही भरा. बैठकीत भांडणं झाली. कायदा म्हणतो, गाडी चालवणारा, तसाच चालवायला लावणारा किंवा चालवू देणाराही जबाबदार. चलन गाडीमालकाच्या नावानं होतं. पण एका खेपेवर आम्हीही हो म्हणालो होतो, हे आम्ही नाकारू शकलो नाही. शेवटी गटाच्या बचतीतून ८,००० दिले. दोघींचा अजून त्याला विरोध आहे, आणि त्यांचंही चुकत नाही.

एवढी कडक वागणूक का, असं विचाराल तर ब्रेक आणि रस्ता. ओझं वाढलं की गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. आणि एका आसावरचं ओझं दुप्पट झालं तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, साधारण सोळा पट होते. आपल्या फाट्याच्या रस्त्यावर ऊसाच्या हंगामानंतर काय उरतं ते आपण बघतोच.

एक गोष्ट राहिली. बाजाराला जाताना आपण गोण्यांवर बसतो. मालाची मालकीण केबिनमध्ये बसली असेल तर अपघातात तिला विम्याचा आधार मिळू शकतो. मालावर बसलेल्या बाईची भरपाई विमा कंपनी कोर्टात नाकारू शकते, तशी नाकारलेलीही आहे.

यंदा आम्ही गाडी ठरवताना आधी पुस्तक मागितलं. एक पिकअपवाला रागावून निघून गेला, दुसऱ्यानं दाखवलं. वजनं तीच होती. दोघी बसलो तर २१ गोण्या बसत होत्या, एकच बसली तर २२. म्हणून एक जण केबिनमध्ये आणि दुसरी एसटीनं, अर्ध्या तिकिटात.