हनुवटी पुढे आणण्याच्या वाटा

माढा तालुक्यातल्या एखाद्या पोराची हनुवटी मागे असली, तर घरचे म्हणतात, ‘ठेवणच तशी आहे.’ बऱ्याचदा ती ठेवण असतेही. पण कधी लहानपणी पोर झाडावरून पडून हनुवटीवर आपटलेलं असतं. कानाजवळचा सांधा मोडतो, पुढे जखडतो आणि जबड्याची वाढ खुंटते. घास जाईल एवढंही तोंड उघडत नाही, झोपेत श्वास अडकतो. अशा पोराला नुसती हनुवटी पुढे काढून दिली, तर दुखणं तसंच राहतं.

चेहरा दुरुस्त करण्याची विद्या मराठी मुलखाला नवी नाही. पुण्यात कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीतून घडवल्याची हकिकत 1794 साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापून आली. हनुवटीचं काम मात्र हाडाचं, म्हणून ते बरंच उशिरा साधलं.

हनुवटीचं हाड कापून पुढे सरकवण्याची रीत ओटो होफर या शल्यविशारदाने 1942 साली मांडली. 1957 मध्ये ट्राउनर आणि ओबवेगेसर यांनी ती तोंडाच्या आतून करायची वाट दाखवली आणि चेहऱ्यावरचा व्रण टळला. खालच्या ओठामागे चीर घेतात, दातांच्या मुळांखाली हाड आडवं कापतात, तो तुकडा पुढे आणून टायटॅनियमच्या पट्टीने आणि स्क्रूने बसवतात. जिभेखालचे स्नायूही त्याच तुकड्याबरोबर पुढे ओढले जातात. शेजारूनच ओठाची नस जाते, त्यामुळे काही आठवडे, कधी महिनेही, ओठ बधिर राहतो. काहींना ती बधिरता कायमची राहते.

दुसरी वाट सिलिकॉनच्या रोपणाची. काम थोडक्यात उरकतं, नको झालं तर काढता येतं. पण रोपण सरकतं, त्यात पू होऊ शकतो. आणि प्लास्टिकच्या रोपणाखाली हाड झिजतं, हे रॉबिन्सन आणि शुकेन यांनी 1969 मध्येच नोंदवलं होतं. हनुवटीत भराव घालणारं फिलरचं इंजेक्शन तर काही महिन्यांत, फार तर वर्षा-दोन वर्षांत विरून जातं. ठेवणच थोडी मागे आणि दातांचा चावा ठीक असेल, तर रोपण वाईट नाही. तरीही विशी-पंचविशीतल्या पोराने पुढची चाळीस वर्षं परकी वस्तू हाडावर वागवावी, हे मला पटत नाही. त्यातून रोपणाने त्रास दिला, तर माढ्याहून सोलापूर नाहीतर पुणं गाठावं लागणार. एकदा जुळलेलं स्वतःचं हाड सहसा असे हेलपाटे घालायला लावत नाही. चावाच बिघडला असेल, तर अख्खा जबडा पुढे आणावा लागतो. तिथे नुसत्या हनुवटीचं काम अपुरं.

सांधा जखडलेल्या पोरांसाठी 1992 नंतर मोठा आधार मिळाला. त्या साली मॅकार्थी या शल्यविशारदांनी जबड्याचं हाड कापून दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने ताणत लांबवण्याचे अनुभव प्रसिद्ध केले. आधी सांधा मोकळा करायचा की आधी जबडा लांबवून श्वासाची वाट रुंद करायची, यावर शल्यविशारदांत अजून दोन मतं आहेत. माझा कौल श्वासाकडे. सांधा सुटल्यावर तोंड उघडण्याचा व्यायाम महिनोन्‌महिने रोज करावा लागतो. पोर दुखतंय म्हणून रडतं, आईचं मन द्रवतं, व्यायाम सुटतो आणि सांधा पुन्हा जखडतो. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधीच घरात रोजचा व्यायाम कोण करून घेणार, हे ठरवून ठेवावं.