घरगुती मुद्रण आणि मिश्रण

आजोबांचें गाणें घरींच मुद्रित करूं इच्छिणारा नातू प्रथम भारी सॉफ्टवेअर शोधूं लागतो. वास्तविक निराळ्या मायक्रोफोनांवर घेतलेले गळा, पेटी व तबला सांभाळावयास २००० सालीं निघालेलें, फुकट मिळणारें ‘ऑडॅसिटी’ पुरेसें आहे.

घोटाळा होतो तो मिश्रणांत. गळा बुजतो म्हणून तो चढवावयाचा, मग तबला दबला म्हणून तोही. अखेर बेरीज शून्य डेसिबल ओलांडते आणि आवाज फाटतो. त्यापेक्षां पेटी उतरवावी. गळ्याच्याच सप्तकांत वाजत असल्यामुळें तीच त्याला झांकते.

पंख्याची घरघर घालविण्यासाठीं ८० हर्ट्झखालचें सर्व गाळण्याचा प्रघात आहे. बाईच्या गळ्याला तो बाधत नाहीं. परंतु काळी एकमध्यें गाणाऱ्या पुरुषाचा खर्ज सुमारें ६९ हर्ट्झपर्यंत उतरतो. तेथें ही गाळणी लावली, तर पंख्याबरोबर आजोबांच्या खर्जाचा पायाही जावयाचा.