आभासी रणांगणातला खरा धक्का

व्हीआर हेडसेट डोळ्यांना आणि कानांना सहज फसवतो. स्नायू आणि सांधे मात्र इतक्या लवकर फसत नाहीत. समोर भिंत दिसते, तिला टेकायला जावे तर तोल जातो. खेळात याने फारसे बिघडत नाही, सैनिकी प्रशिक्षणात बिघडते. धक्का पचवून पुन्हा नेम धरणे, अंधारात मॅगझिन बदलणे या गोष्टी जवानाच्या अंगवळणी पडाव्या लागतात. स्पर्श, वजन आणि धक्का शरीरापर्यंत पोहोचवणाऱ्या तंत्राला, म्हणजे हॅप्टिक्सला, इथे महत्त्व येते ते त्यामुळेच.

ही गरज संगणकाच्याही आधीची. अमेरिकेतील एडविन लिंक यांच्या घरचा ऑर्गन आणि पियानो बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनचेच भाते वापरून त्यांनी १९२९ मध्ये वैमानिकांसाठी एक लाकडी डबा तयार केला. आतली दांडी हलवली की डबा त्या बाजूला कलायचा. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिकांनी या निळ्या डब्यात बसून सराव केला. पुढे १९६५ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी वस्तूंच्या अस्तित्वावरच संगणकाची सत्ता चालेल अशा खोलीची कल्पना मांडली. तिथे दाखवलेली गोळी जीवच घेईल, असे त्यांनी लिहिले. एवढे वास्तव अर्थातच कुणाला नको असते.

बंदुकीच्या धक्क्याचा हिशेब सोपा आहे. ५.५६ मिलिमीटरची गोळी साधारण ४ ग्रॅम वजनाची असते आणि सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने सुटते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने ४ किलोची रायफल सेकंदाला जवळपास १ मीटर वेगाने मागे येते. नळीतून सुटणारा वायू त्यात थोडी भर घालतो. सिम्युलेटरच्या रायफलीत काडतुसाची जागा दाबाखालची हवा किंवा कार्बन डायऑक्साइड घेतो. चाप ओढला की झडप उघडते, वायू बोल्टला मागे ढकलतो, खांद्याला दणका बसतो आणि गोळीऐवजी अदृश्य लेझर सुटतो. काही रायफलींत वायूची टाकी मॅगझिनमध्येच असते. हा दणका बहुधा खऱ्याहून सौम्य असतो, तरी त्याचे काम होते. नवखा नेमबाज धक्क्याच्या धास्तीने चाप ओढण्याआधीच खांदा आखडतो आणि नेम चुकतो. धक्काच नसलेल्या बंदुकीवर हा दोष प्रशिक्षकाला दिसणारच नाही.

प्रतिसाद नसला तर उणीव राहते. चुकीचा असला तर खोड लागते. अमेरिकी लष्कराच्या ‘माइल्स’ या लेझर पद्धतीचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तिच्यात जवान ब्लँक काडतुसे झाडतात आणि अंगावरचे संवेदक लेझर टिपतात. लेझर पानांना अडतो, गोळी अडत नाही. त्यामुळे सरावात झुडूप हा उत्तम आडोसा ठरतो आणि लढाईत तोच घात करतो. व्हीआरमध्ये अशा उलट्या शिक्षणाला आणखी वाव आहे. पाठीवर वीस किलोचे ओझे नसलेला जवान आभासी गल्लीत कितीही धावतो, आणि दम न लागल्याने त्याचा नेमही हलत नाही.

स्पर्शाची मुख्य अडचण वेगाची आहे. हेडसेटला सेकंदाला ९० चित्रे पुरतात. कठीण वस्तू कठीण लागण्यासाठी मात्र हातावरचे बल सेकंदाला सुमारे १००० वेळा बदलावे लागते. नाहीतर पोलादही थरथरते, मऊ भासते. कंपन देणे त्या मानाने सोपे, कारण त्वचेतील पॅसिनियन कणिका २५० हर्ट्‌झच्या आसपासची कंपने चटकन टिपतात. बोटे अडवणारे हातमोजेही निघाले आहेत, पण आख्खा हात अडवायचा तर यंत्राला कुठेतरी भक्कम आधार हवा. त्यापेक्षा हातात खऱ्या वजनाची रायफल, पाठीवर खरे ओझे आणि डोळ्यांपुढे आभासी दृश्य ही तडजोड कितीतरी सरस.

वाहनांच्या सिम्युलेटरला सहा दट्ट्यांवर पेललेला स्टुअर्ट प्लॅटफॉर्म हलवतो. आसन हळूच मागे कलवले की गुरुत्वाकर्षण पाठीला दाबते आणि वेग वाढल्याचा भास होतो. डोळे आणि कानातील तोलाचे इंद्रिय यांचे जमले नाही तर मळमळ सुरू होते. हेलिकॉप्टर सिम्युलेटरवर ही तक्रार १९५७ मध्येच नोंदली गेली. म्हणूनच मान वळल्यापासून चित्र बदलेपर्यंत २० मिलिसेकंदांहून अधिक वेळ जाऊ नये, अशी अपेक्षा असते.

गोळी लागल्याची जाणीव म्हणून विजेचा झटका देणारे पट्टेही मिळतात. आडोशाबाहेर रेंगाळण्याची सवय त्याने मोडेल. पण झटका जपूनच वापरावा, कारण वेदनेकडे लक्ष गेले की धडा बाजूला राहतो.

भारतात संरक्षण मंत्रालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये सैन्यदलांत सिम्युलेटरचा वापर वाढवण्याचा आराखडा जाहीर केला. दारूगोळा, इंधन आणि यंत्रांची झीज वाचते, हा त्यातला रोकडा फायदा. फायरिंग रेंजवर खऱ्या गोळ्या झाडण्याला मात्र अजून पर्याय मिळालेला नाही.